काम असिस्टंटला दिलं की नर्सची जबाबदारी संपली?

एनसीलेक्सची (अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवायची परीक्षा) तयारी करणाऱ्यांमधे हे कायम फिरत असतं की काम असिस्टंटला (नर्सच्या हाताखालच्या मदतनिसाला) दिलं की जबाबदारी पण त्याचीच. तसं नाहीये हो. अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स आंघोळ, स्टेबल पेशंटचा बीपी, युरिन मोजणं असिस्टंटला देऊ शकते, पण बीपी ८०/५० आला तर पुढे काय करायचं ते तिनेच ठरवायचं आणि जाबही तिलाच विचारणार. असेसमेंट (पेशंटची तब्येत तपासून अंदाज घेणं), औषध लागू पडलं का बघणं, हे तर देताच येत नाही. आणि नुसतं 'बीपी बघून ये' म्हणून भागत नाही, वरचा ९० च्या खाली गेला तर लगेच मला सांग असं नेमकं सांगावं लागतं. ऑपरेशन होऊन नुकत्याच आलेल्या पेशंटचा पहिला बीपी मात्र स्वतःच घ्यायचा, काम तेच असलं तरी पेशंट अजून स्टेबल नसतो ना.