पत्रा, पंख आणि लाल रेघ

परळी खोऱ्यात आमच्या मामांचा गोठा आहे. त्याच्या पत्र्यावरच्या प्रत्येक नटाला लाल रंगाची एक बारीक रेघ ओढलेली आहे. रेघ नटावर सुरू होते, डांबरी वायसरवरून खाली उतरते आणि पत्र्यावर संपते. गावात याची भरपूर चेष्टा झाली. मामांनी पत्र्याला कुंकू लावलं, असं कुणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं. पण दोन वर्षांपूर्वी वैशाखातल्या वळवात आळीतले चार गोठे उघडे पडले. मामांचा एक पत्राही हलला नाही. तेव्हापासून चेष्टा थांबली, आणि दोघंतिघं रंगाचा डबा मागून घेऊन गेले.

मामा हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे तंत्रज्ञ होते. सातारा जिल्ह्यात फौजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंदूक येते. इथं अपशिंगे गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे, त्यामुळे ते साहजिकच म्हणा. मामांच्या हातात मात्र नोकरीभर पाना होता. पश्चिम सीमेजवळच्या एका तळावर त्यांनी बरीच वर्षं मिग-२१ या लढाऊ विमानांची देखभाल केली. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये मिग-२१ला निरोप दिला, त्या दिवशी ते टीव्हीसमोरून जेवायलाही उठले नाहीत. १९६३ साली आलेलं विमान बासष्ट वर्षं सेवेत राहिलं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. विमान कसं उडतं, हे मी मुलांना बरीच वर्षं चुकीचं शिकवत होतो, आणि ते मला या पत्र्यावर बसून कळलं.

आधी पत्रा का उडतो ते बघू. हवा म्हणजे काही नाही असं आपण धरून चालतो, पण उन्हाळ्यात साताऱ्याच्या उंचीवर एक घनमीटर हवा साधारण १.१ किलो भरते. दहा बाय दहाच्या खोलीत तीस किलो हवा असते. ही हवा ताशी ९० किलोमीटर वेगानं येऊन आदळली, की दर चौरस मीटरला सुमारे ३५ किलो वजनाएवढा जोर लावू शकते. वळवाच्या झोतात एवढा वेग अशक्य नाही. दहा फुटी पत्रा सव्वातीन चौरस मीटरचा. वारा छपराच्या कडेवरून उसळून जातो तेव्हा वरच्या अंगाला दाब कमी होतो. गोठ्याचं तोंड उघडं असलं, तर आत शिरलेला वारा खालून रेटतो. दोन्ही मिळून कडेच्या पत्र्याला शंभर किलोच्या वर उचल मिळते, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन तेरा-चौदा किलो. लोक वर दगड ठेवतात. कधी ते पुरतात, कधी पत्र्यासकट दगडही खाली येतात.

या हिशेबातली खोच अशी की जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दुप्पट झाला की उचल चौपट. मामांनी मला तिथंच कोळशाच्या तुकड्यानं गणित घालून दिलं. मिग-२१च्या पंखांचं क्षेत्रफळ २३ चौरस मीटर, उडताना वजन नऊ टनांच्या आसपास. म्हणजे दर चौरस मीटरला ३९० किलो, आपल्या पत्र्याच्या अकरा पट. अकराचं वर्गमूळ ३.३. ताशी ९० ला ३.३ ने गुणलं, की तीनशे येतात. धावपट्टी सोडताना मिग-२१चा वेग खरोखरच तीनशेच्या वर असायचा. गोठ्याच्या पत्र्यावरून लढाऊ विमानाचा वेग काढता येतो, याचं मला अजून नवल वाटतं.

आता माझी चूक. पंखाची वरची बाजू फुगीर असते, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो. मागच्या कडेला खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पोहोचायचं म्हणून ती पळते, आणि पळते म्हणून तिचा दाब कमी होतो, असं मी फळ्यावर काढायचो.

मामा म्हणाले, "आरं, बरोबरच पोचायचं असं तिला कुणी सांगितलंय? काय जोडीनं वारीला निघालीत का?"

खरंच कुणी सांगितलेलं नाही. प्रयोगात धुराच्या रेषा सोडून पाहिलं, तर वरची हवा खालच्या हवेच्या बरीच आधी मागं पोहोचते. शिवाय पंख फुगीरच हवा असंही काही नाही. पत्रा सपाट असून उडतो, आणि कसरतीची विमानं पाठीवर उलटी होऊनही उडत राहतात. मुख्य गोष्ट आहे पंखाचा तिरपेपणा. वाऱ्याच्या दिशेशी पंख थोडा कोन करून असतो. त्यामुळे त्याच्यावरून आणि खालून जाणारी हवा मागं जाताना खाली वळते. पंखानं हवेला खाली ढकललं, की न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं हवा पंखाला वर ढकलते. हीच हवा वळताना वर दाब कमी आणि खाली जास्त होतो, त्याचा हिशेब बर्नुलीच्या सूत्रानं लागतो, म्हणजे हवेचा वेग वाढला की दाब कमी. न्यूटन खरा की बर्नुली, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मला तर ते उसाच्या वजनकाट्यासारखं वाटतं. खेप एकच असते, कारखान्याच्या वहीत एक नोंद आणि आपल्या पावतीवर दुसरी. दोन्हीकडे वजन तेच निघतं.

कोन वाढवला की उचल वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. नेहमीच्या पंखाला पंधरा-सोळा अंशांच्या पुढं नेलं, तर वरची हवा पंखाला धरून वळेनाशी होते. ती सुटते, भोवरे होतात आणि उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही, इंजिन जोरात चालू असतानाही विमान स्टॉल होतं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघायला गेलात, तर त्यांची पाती नीट न्याहाळा. तेही पंखच आहेत. जुन्या धाटणीच्या काही पवनचक्क्यांत वारा फार वाढला की पाती आपोआप स्टॉल होतील अशी रचनाच केलेली असते, म्हणजे चक्की बेफाम फिरत नाही. विमानात जो धोका, तोच तिथं ब्रेक.

स्टॉल टाळायचा, तर वेग आणि कोन नेमका कळायला हवा. वेग मोजायची युक्ती विमानापेक्षा पुष्कळ जुनी आहे. १७३२ साली आंरी पितो या फ्रेंच अभियंत्यानं सेन नदीचा वेग मोजायला प्रवाहासमोर तोंड केलेली वाकडी नळी वापरली. माहुलीच्या संगमावर काटकोनात वाकवलेली नळी कृष्णेच्या धारेसमोर धरा, पाणी नळीत वर चढेल, आणि धार जेवढी जोराची तेवढं जास्त चढेल. विमानाच्या नाकावर किंवा पंखावर तीच पितो नळी असते, फक्त तिच्यात पाण्याऐवजी हवा शिरते. विमान उभं असताना तिच्यावर लाल फीत लावलेलं झाकण असतं, कारण तिच्यात गांधीलमाशी घर करू शकते, धूळ बसू शकते, पाणी साठू शकतं.

पाण्याचं एक उदाहरण सांगायलाच हवं. २३ फेब्रुवारी २००८. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरून अमेरिकेचं बी-२ हे बॉम्बर विमान उडालं आणि धावपट्टीशेजारीच कोसळलं. किंमत सुमारे १४० कोटी डॉलर. दोन्ही वैमानिक बाहेर फेकले जाऊन वाचले. चौकशीत जे निघालं ते वाचून मामा आठवडाभर अस्वस्थ होते. या विमानाला बाहेर आलेली नळी नाही, त्याच्या अंगावरच्या भोकांमागं हवेचा दाब मोजणारे चोवीस संवेदक बसवलेले असतात. त्यातल्या तिघांत दमट हवेचं पाणी शिरलं होतं. उड्डाणाआधी संवेदक तपासून जुळवून घेतात, ते पाण्यासकटच जुळवले गेले. मग त्यांना गरम करणारं यंत्र चालू झालं, पाण्याची वाफ झाली आणि सगळी जुळवणी चुकीची ठरली. विमानाच्या संगणकाला वाटलं वेग पुरेसा आहे, प्रत्यक्षात तो ताशी वीसेक किलोमीटरनं कमी होता. कोनही त्यानं चुकीचा काढला आणि नाक जवळजवळ तीस अंशांवर नेलं. पुढं काय होणार ते वरच्या परिच्छेदात येऊन गेलंच आहे.

पण मामांना लागलेली गोष्ट वेगळीच होती. आधी संवेदक गरम करून पाणी उडवायचं आणि मग जुळवणी करायची, ही युक्ती काही तंत्रज्ञांना दोन वर्षं आधीच सापडली होती. ती लिहून सगळ्यांपर्यंत पोहोचलीच नाही.

"तोंडातोंडी राहिलं," मामा म्हणाले. "वहीत आलं असतं तर विमान राहिलं असतं."

ही वही म्हणजे फॉर्म ७००. ब्रिटिश हवाई दलाकडून आपल्याकडे आलेली पद्धत. प्रत्येक विमानाची आपली वही असते. कोणता पार्ट कधी बदलला, कोणती तक्रार आली, कुणी दुरुस्त केली, कुणी तपासली, सगळं सहीनिशी. वैमानिक विमान ताब्यात घेताना या वहीवर सही करतो. वैमानिकाला हलवता येणारे पंखाचे आणि शेपटीचे भाग ज्या दांड्यांनी जोडलेले असतात, त्यांचं काम एका माणसाच्या शब्दावर सोडत नाहीत. एकानं करायचं, दुसऱ्यानं स्वतंत्रपणे तपासायचं, दोघांच्या सह्या. विमानाच्या जवळ नेलेली हत्यारंही मोजून परत येतात. पेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच असते, एक खाच रिकामी दिसली की तो पाना सापडेपर्यंत विमान जमिनीवर. मामांकडे अजून अशी पेटी आहे आणि मामींना तिच्यातला स्क्रू ड्रायव्हर घ्यायला परवानगी लागते.

धावपट्टीवर रांगेनं चालत खडे वेचायचं कामही त्यातलंच. इंजिन हवा ओढतं तेव्हा खडाही ओढतं. मिग-२९ला तर उड्डाणाच्या वेळी हवा आत घेणाऱ्या पुढच्या तोंडावर झडपा बंद होतात आणि हवा वरच्या फटींतून घेतली जाते. धावपट्ट्या खडबडीत असणार, हे रशियन अभियंत्यांनी धरूनच ठेवलेलं. मामांना ही रचना फार आवडते.

आता लाल रेघ. नट कंपनानं सुटतो. म्हणून नट ठरलेल्या जोरानं आवळतात, काही ठिकाणी तारेनं असा बांधतात की सुटायला गेला तर तार त्याला आवळायच्या दिशेला ओढेल. आणि वर रंगाची रेघ ओढतात. नट केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. शंभर नटांना पाना लावून बघायची गरज नाही, डोळ्यांनी एक फेरी मारली की झालं.

सुटलेला नट तरी दिसतो, धातूचा थकवा दिसत नाही. बांधकामावरची बारीक तार हातानं तोडता येत नाही, पण चार-सहा वेळा इकडं-तिकडं वाकवली की तुटते. विमानाच्या पंखाचं हेच होतं, फक्त हजारो वेळा वाकून. लढाऊ विमान सात जीच्या, म्हणजे वजन सातपट भरेल अशा वळणात गेलं, तर नऊ टनांच्या विमानाचे पंख त्रेसष्ट टन तोलत असतात, ऊस भरलेल्या तीन ट्रकांएवढे. जी उचल विमानाला वर ठेवते, तीच पंख मुळापासून उपटायला बघत असते. पोलादाची एक सोय आहे: ताण ठरावीक मर्यादेच्या खाली ठेवला, तर ते जवळजवळ अमर्याद वेळा झेलतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. ताण कितीही थोडा असो, वेळा पुरेशा झाल्या की तडा जाणारच. म्हणून विमान किती तास उडालं एवढंच लिहून भागत नाही, किती वेळा किती जी झेलले तेही मोजतात.

तडा बहुतेक वेळा भोकाच्या कडेला सुरू होतो, कारण ताण तिथं गोळा होतो. तो शोधायला लालभडक पातळ रंग लावतात, तो फटीत मुरू देतात, वरचा पुसून काढतात आणि पांढरी पूड फवारतात. मुरलेला रंग पुडीत झिरपतो आणि डोळ्यांना न दिसणारा तडा लाल धाग्यासारखा उमटतो. इंजिनाचं तर तेलसुद्धा तपासतात. दहा लाख भागांत लोखंडाचे, तांब्याचे कण किती, यावरून आतलं कोणतं बेअरिंग झिजतंय ते कळतं. आपण रक्त तपासायला देतो, तसंच.

पत्र्यालाही थकवा येतो, हे मला माहीत नव्हतं. १९७४च्या नाताळात ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर ट्रेसी चक्रीवादळानं जवळजवळ भुईसपाट केलं. नंतरच्या तपासात दिसलं की पुष्कळ छपरं वाऱ्याच्या एका हिसक्यानं उडाली नव्हती. रात्रभर पत्रे वर-खाली धडधडत राहिले, खिळ्या-स्क्रूंच्या भोवती तडे गेले, आणि मग पत्रा खिळ्याच्या डोक्यावरून सुटून आला. खिळा जागच्या जागी.

यंदाच्या चैत्रात मामांबरोबर पत्र्यावर चढलो. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून शिडीवर ते आणि वर मी. तिसऱ्या ओळीत पाचव्या हुकाची रेघ तुटलेली दिसली. नट गव्हाच्या दाण्याएवढा सरकला होता. मी पाना लावला.

"थांब. आवळू नको," खालून आवाज आला. "का सरकला ते आधी बघ."

नट काढला. डांबरी वायसर उन्हानं वाळून, आकसून भुगा झालेला. त्याच्याखाली पत्र्याचं भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं, आणि त्याच्या टोकाला केसाएवढा तडा. मी नट नुसता आवळला असता, तर तडा वायसरखाली झाकून गेला असता.

पत्रा उतरवला. मामांनी ओटीवर बसून खिशातली वही काढली, तारीख घातली, ओळ, हूक, कारण लिहिलं आणि सही केली. मग वही आणि पेन माझ्यापुढं सरकवलं.

"तू पण कर सही. बघितलायस न्हवं तडा तुझ्या डोळ्यानं?"