बोअरचं पाणी, गिझरची कॉइल आणि टीडीएस मीटरची गफलत

गिझरवाला कॉइल बाहेर काढतो, पांढऱ्या खपल्यांनी मढलेली ती नळी समोर धरतो आणि म्हणतो, "बोअरचं पाणी ना? मग हे होणारच." पुण्याच्या आसपास ज्या नव्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात तिथे हा डायलॉग सगळ्यांना पाठ आहे. त्याचं म्हणणं बरोबरच आहे, पण पुढे तो जे म्हणतो ना की क्षारामुळे लाईट बिल पण डबल येतं, त्यात फारसा दम नाही.

आधी हा क्षार येतो कुठून ते बघू. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड उचलतं, त्यामुळे किंचित आम्लधर्मी होतं आणि मग खाली आपला काळा बेसॉल्ट खडक, त्यातल्या खनिजांमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू विरघळवत बसतं. बोअरचं पाणी खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं असू शकतं, तर खडकवासल्याचं पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस वाहत येऊन साठलेला, त्याला खडकाशी गप्पा मारायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून एकाच शहरात कॉर्पोरेशनच्या पाण्यावर साबणाला मस्त फेस येतो आणि दोन गल्ल्या पलीकडे बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही (कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिन नावाच्या चिकट घटकाला घट्ट बांधून ठेवतं, म्हणून आई चिमूटभर सोडा घालते).

गार पाण्यात हे कॅल्शियम बायकार्बोनेट म्हणून निमूट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे ज्याला आपण चुनखडी म्हणतो तेच. त्यात गंमत अशी की साखरमीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं पण हे साहेब उलटे, पाणी जितकं गरम तितके कमी विरघळतात, त्यामुळे थर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जाड बसतो तो सगळ्यात गरम जागी, कॉइलच्या अंगावर. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. समजा तुमचं पाणी 400 चं आहे आणि घरात रोज 100 लिटर तापतं, तर रोज 40 ग्रॅम क्षार गिझरमधून जातो, त्यातला दहावा हिस्सा जरी आत बसला तरी वर्षाला जवळपास दीड किलो झाला.

आता बिलाचं. कॉइल पाण्यात पूर्ण बुडालेली असते. तिच्यात 2 किलोवॉट वीज गेली तर तेवढी सगळी उष्णता शेवटी पाण्यातच येणार, दुसरीकडे जायला तिला वाटच नाही. मग क्षार करतो काय, तर उष्णता सहजासहजी बाहेर पडू देत नाही. तो तांब्याच्या मानाने अगदीच मंद वाहक आहे, त्यामुळे तीच उष्णता थरातून बाहेर ढकलायला आतल्या तारेला खूप जास्त तापावं लागतं, आणि असं रोज तापत राहिलं की एक दिवस तार तुटते नाहीतर वरची नळी फुटते आणि एमसीबी पडायला लागतो. म्हणजे नुकसान विजेचं कमी, कॉइलचं जास्त. गिझर चालू असताना आतून तडतड आवाज येत असेल तर थराखाली अडकलेलं पाणी उकळून वाफेचे बुडबुडे फुटतायत असं समजा, आणि कॉइल जायची वाट न बघता सर्व्हिसिंग करून घ्या.

गॅस गिझरची गोष्ट मात्र वेगळी. तिथे ज्योत बाहेर आणि पाणी तांब्याच्या नळीत, नळीला आतून थर बसला की उष्णता पाण्यात न जाता गरम हवेबरोबर वरून निघून जाते, म्हणजे इथे खरोखर गॅस जास्त जळतो. आजीच्या तांब्याच्या बंबाचंही हेच, आतून पुटं चढली की तेवढ्याच पाण्याला लाकडं जास्त लागायची.

उपाय म्हणाल तर सगळ्यात स्वस्त उपाय गिझरच्या नॉबवर आहे. साधारण 60 अंशांच्या वर क्षार बसायचा वेग फार वाढतो, तेव्हा 75 वर ठेवून गार पाणी मिसळण्यात काही अर्थ नाही. फार खालीही नको, कोमट साठ्यात जंतू वाढतात. इलेक्ट्रिक केटलमध्ये किराणा दुकानातलं चमचाभर लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) पाण्यात घालून अर्धा तास ठेवा, बारीक बुडबुडे येऊन थर सुटतो. पण ते पाणी उकळू नका, कोमटच ठेवा, कारण उकळल्यावर कॅल्शियम सायट्रेटचा नवाच साका तयार होऊ शकतो. आणि टॉयलेटचं ॲसिड गिझरच्या टाकीत ओतणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

वॉशिंग मशीनमध्ये हीटर असेल तर त्याची कथा गिझरचीच, शिवाय कॅल्शियम साबणाला पकडून चिकट साका करतं म्हणून टॉवेल पापडासारखे कडक होतात. पावडर जास्त टाकून थोडा फरक पडतो, पण खिशालाही पडतो.

बहुतेक लोक पाणी तपासतात ते टीडीएस मीटरने, आणि इथेच गफलत होते. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून एकूण क्षारांचा अंदाज सांगतो, त्यात कॅल्शियम किती आणि साधं मीठ किती हे त्याला कळत नाही. पाण्याचा कठीणपणा काढणारा सॉफ्टनर सोसायटीत बसवल्यावर तर हमखास भांडण होतं, कारण सॉफ्टनरमधलं रेझिन (बारीक मण्यांसारखा भराव) कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतं, आकडा आधी 700 तर नंतरही 700 च्या आसपासच, आणि मीटिंगमध्ये कोणीतरी ओरडतं की फसवलं आपल्याला! खरं बघायचं तर कठीणपणा मोजायचं साधं किट आणा, नाहीतर बाटलीत अर्धं पाणी घेऊन साध्या अंगाच्या साबणाचा छोटा कीस टाकून हलवा. फेस टिकला तर सॉफ्टनर काम करतोय. पाणी दुधासारखं गढूळ होऊन फेस बसला तर रेझिन थकलंय, त्याला मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं, तेव्हा कंपनीला फोन लावायच्या आधी खाली जाऊन बघा की मिठाचं पिंप शेवटचं कधी भरलं होतं.