विचित्र कथांच्या संग्रहाची पार्श्वभूमी: निवाडा करणारा गेला कुठे?

विचित्र कथांचा संग्रह सलग वाचायला घेतला की चौथ्या-पाचव्या कथेला धाप लागते. वाचकाचा यात दोष नाही. यातल्या बऱ्याच कथा मुळात एकेकट्या, नियतकालिकांसाठी लिहिलेल्या असतात.

जुन्या संग्रहांचं तसं नव्हतं. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या गोष्टी एकाच चौकटीत येतात: राजा, स्मशान, खांद्यावरचं प्रेत. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल; बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर. एका गोष्टीत बाई घाईगडबडीत नवऱ्याचं मुंडकं भावाच्या धडाला लावते आणि भावाचं नवऱ्याच्या. आता नवरा कोणता? राजा बेधडक सांगतो, डोकं नवऱ्याचं तो नवरा. गोष्ट कितीही अचाट असली तरी निवाडा जागच्या जागी होई. (जर्मन लेखक टोमास मान याने १९४० साली या गोष्टीवर लघुकादंबरी लिहिली, तेव्हा एवढ्या निवाड्यावर त्याचं भागलं नाही.)

चीनमधल्या पू सोंगलिंगची (१६४०–१७१५) हयात सरकारी परीक्षांत नापास होण्यात गेली. त्याच्या जवळपास पाचशे कथा छापल्या गेल्या त्या १७६६ मध्ये, तो गेल्यावर. चौकट इथे नाही, पण कित्येक कथांखाली तो स्वतःच इतिहासकाराच्या थाटात शेरा मारतो.

मग नियतकालिकं आली आणि कथा सुटी झाली. कथा एका बैठकीत वाचून व्हावी, अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत, आणि तिचा परिणाम एकच व एकसंध असावा, असं अमेरिकन कथाकार एडगर अ‍ॅलन पो याने १८४२ मध्ये मांडलं. असे दहा परिणाम लागोपाठ अंगावर घेतले की दमछाक होणारच.

रशियन लेखक गोगोलची ‘नाक’ ही कथा मॉस्कोच्या एका नियतकालिकाने नाकारली; १८३६ मध्ये कवी पुश्किनने ती आपल्या ‘सव्रेमेन्निक’ या नियतकालिकात छापली. न्हावी सकाळी पाव कापतो तर आत नाक, तेही ओळखीच्या गिऱ्हाइकाचं! पुढे ते नाक मालकाहून वरच्या हुद्द्याचा गणवेश घालून गाडीतून हिंडतं. शेवटी निवेदकच हात वर करतो: लेखक असले विषय निवडतात तरी कसे, काही कळत नाही. मला विचाराल तर आधुनिक विचित्र कथेला वळण लागलं ते इथे.

काफ्काच्या ‘रूपांतर’मध्ये (१९१५) माणूस सकाळी उठतो तो किडा होऊनच, आणि हात वर करायलाही कुणी नाही. मुखपृष्ठावर तो किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका, असं काफ्काने प्रकाशकाला कळवलं होतं.

१९४० मध्ये अर्जेंटिनाचे लेखक बोर्खेस, बियॉय कासारेस आणि सिल्विना ओकाम्पो यांनी ब्वेनोस आयरेसमध्ये अद्भुत साहित्याचं संकलन काढलं. त्यात पो आणि काफ्का यांच्या शेजारी प्राचीन चिनी विचारवंत च्वांगझी याचं फुलपाखराचं स्वप्नही आहे, जेमतेम दोन-तीन ओळींचं. असलं पुस्तक हवं तिथे उघडावं, एक कथा वाचावी आणि मिटून ठेवावं.