खर्चबंदीचे वर्ष

खर्चबंदीचे वर्ष : हौसेचा, चैनीचा आणि नुसत्या सवयीने होणारा खर्च ठरवून बारा महिने थांबवण्याची रीत. किराणा, घरभाडे, हप्ते, वीजबिल, औषधपाणी, मुलांची फी यांना ती हात लावत नाही. नवे कपडे, चालू मोबाइल असताना दुसरा मोबाइल, शोभेच्या वस्तू, बाहेरचे खाणे आणि ‘सेल लागलाय’ म्हणून होणारी खरेदी एवढ्यावर तिची बंदी असते. काटकसरीला मुदत नसते, हिला असते. म्हणून ही काटकसरीपेक्षा नेमाच्या जवळची गोष्ट आहे.

अलीकडे ती ‘नो बाय इयर’ या नावाने तरुणांत पोचली. एक दिवस काहीच विकत घ्यायचे नाही, ही ‘बाय नथिंग डे’ची कल्पना १९९२ मध्ये कॅनडात निघाली. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये गृहिणींसाठी ‘काकेइबो’ ही घरखर्चाची वही काढली होती. मराठी घराला मात्र यातले मर्म नवे नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासात कुणी कांदा-लसूण सोडते, कुणी वांगे, कुणी आवडता गोड पदार्थ. नेम चार महिन्यांचा, सोडलेली वस्तू एकच आणि घरात सगळ्यांना ठाऊक. वर्षभराची खर्चबंदी बहुधा फसते ती हे तिन्ही विसरल्यामुळे : मुदत लांबलचक, सोडायचे एका दमात सगळेच आणि कुणाला सांगायचे नाही.

ही नोंद नाशिकची, आणि नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटांच्या गावात राहून हात आखडता घ्यायचा, हा विनोद इथे खर्चबंदी करणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकून घ्यावा लागतो. नोट आता खिशातून फारशी निघतही नाही. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि चहाच्या टपरीपासून भाजीच्या हातगाडीपर्यंत चौकोनी कोडचे पुठ्ठे टांगले गेले. पाचशेची नोट मोडताना जो क्षणभर विचार होई, तो फोन दाखवताना होत नाही. म्हणून पुष्कळ जण दर सोमवारी ठरलेली रोकड काढतात आणि ती संपली की आठवडा संपला असे मानतात. जुनाट दिसणारा हा उपाय बहुतेक अॅपांपेक्षा चांगला चालतो.

वर्ष कधी सुरू करायचे, याला नाशिकमध्ये महत्त्व आहे. पाडवा हा मुहूर्त सोयीचा वाटतो, १ एप्रिल नोकरदारांना बरा पडतो; पण दोन्ही साठवणीच्या तोंडावर येतात. चैत्र-वैशाखात वर्षाचे गहू भरायचे, मिरची-हळद दळून आणायची, उन्हाळ कांद्याची गोणी घ्यायची, कुरडया-पापड घालायचे. त्यामुळे वहीची पहिली पाने बघून धडकीच भरते आणि नवखा माणूस तिथेच वही मिटतो. खरे तर साठवण हा या वर्षातला सर्वांत शहाणा खर्च. तो महिन्याच्या खात्यात न धरता बाराने भागून लिहावा, म्हणजे पान खरे बोलते.

वही साधी शंभर पानी असली तरी चालते. एका ओळीत तारीख, रक्कम आणि कारण. कारण मात्र खरे लिहायचे. ‘किरकोळ’ हा शब्द वहीत आला की हिशेब बुडाला. एका वहीत महिनाभर रोज ‘चहा-वडापाव ४०’ अशी ओळ होती. चाळीस रुपये म्हणजे काहीच नाही, पण तीनशे पासष्ट दिवसांचे ते १४,६०० होतात. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर किती आला हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतो, पाणी गुडघ्याला की कमरेला. वहीत ते काम अशी एखादी किरकोळ ओळ करते.

मोह आवरायला सर्वांत अवघड जागा सराफ बाजार किंवा कॉलेज रोड असेल, असे बाहेरच्याला वाटते. तसे नाही. अवघड असते ती बुधवारी गंगेवर भरणाऱ्या बाजारातली पाटी, कारण तिथे सगळेच स्वस्त असते. मेथीची जुडी घ्यायला गेलेल्याच्या पिशवीत घरी येईतो एक चाळण, दोन प्लॅस्टिकचे डबे आणि लाकडी रवी असते. एकही वस्तू महाग नाही, एकही लागत नव्हती. बोहारणीबाबत तर नेम धरणाऱ्यांत सरळ दोन तट आहेत. दोन जुन्या साड्या आणि एक पँट देऊन स्टीलचे पातेले घेतले, यात पैसा गेला नाही, म्हणून चालते असे एक तट म्हणते. दुसरे विचारते, फळीवर सात पातेली असताना आठवे आले कशाला? प्रस्तुत नोंदकार दुसऱ्या तटाचा.

खरी कसोटी देण्याघेण्याची. मिसळ सोडता येते, आहेर सोडता येत नाही. मागच्या वर्षी ज्यांनी ५०१ घातले, त्यांच्या घरी रिकाम्या हाताने कसे जाणार? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, त्यात वाण लुटायचे. मुलीच्या लग्नात येवल्याची पैठणी घ्यायचीच, असे आत्याने आधीच बजावलेले. स्वतःपुरती बंदी पाळणाऱ्याला लोक कौतुकाने बघतात. आहेराचा आकडा कमी झाला की तोच ‘चिक्कू’ ठरतो. त्यामुळे अनुभवी माणसे देण्याघेण्याची रक्कम वर्षारंभीच वेगळ्या पाकिटात काढून ठेवतात आणि तिला बंदीतून वगळतात. सिंहस्थात, म्हणजे नाशिकच्या कुंभमेळ्याच्या काळात, लग्ने टाळायची जुनी रूढी अजून काही घरे पाळतात. त्यांच्यापुरता आहेराचा भार तेवढा कमी. पण तेव्हाच गावोगावचे नातेवाईक स्नानाला येऊन मुक्कामी राहतात, तेव्हा वाचलेले पाहुणचारात जाते. २०१५ नंतरचे सिंहस्थ २०२७ मधले, ज्याने त्याने हिशेब करावा.

या रीतीवर एक जुना आक्षेप आहे. सगळ्यांनीच खर्च थांबवला तर दुकानदाराचा गल्ला थांबतो, त्याच्याकडचा पोऱ्या घरी बसतो आणि शेवटी बचतही घटते. अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९३६ मध्ये असाच मुद्दा मांडला होता. एखाद्या गल्लीतल्या चार घरांनी नेम धरला तर असे काही होत नाही. उलट रफू करणारा, चप्पल शिवणारा आणि मिक्सर दुरुस्त करणारा यांच्याकडे कामे वाढतात.

वर्ष संपल्यावर काय करायचे, हे सहसा कुणी आधी ठरवत नाही. चातुर्मासाच्या नेमाला उद्यापन असते : सोडलेली वस्तू आधी दान द्यायची, मग स्वतः खायची. खर्चबंदीला असे काही नाही. त्यामुळे पुष्कळांचा तेरावा महिना मेन रोडवर पिशव्या सांभाळत जातो.