वर्षभर फुकट विमा, आणि त्यानंतर

इंडोनेशियाने राष्ट्रीय सामाजिक सुरक्षेचा कायदा २००४ साली केला, पण सर्वांसाठीचा आरोग्य विमा सुरू व्हायला १ जानेवारी २०१४ उजाडावा लागला. गरिबांचा हप्ता सरकार भरणार, नोकरदारांचा पगारातून कापला जाणार. राहिले फेरीवाले, छोटे दुकानदार, रोजंदारीवाले. त्यांनी स्वतःचा हप्ता स्वतः भरायचा. सक्ती कागदावर होती, न भरणाऱ्याला कोणी विचारत नव्हतं. मग मोठा खर्च समोर दिसला की लोक नाव नोंदवत, उपचार घेत आणि पुढचे हप्ते थांबवत. यात लोकांना दोष देणं मला पटत नाही. रोजच्या कमाईवर घर चालवणारा माणूस आधी आजची गरजच बघणार.

२०१५ मध्ये मेदान आणि बांडुंग या शहरांतल्या सुमारे ६,००० कुटुंबांवर एक प्रयोग झाला. तो करणाऱ्या अर्थतज्ज्ञांत अभिजित बॅनर्जी होते. त्यांचा जन्म मुंबईचा, आई माहेरच्या पाटणकर. काही कुटुंबांना वर्षभराचा पूर्ण हप्ता माफ, काहींना अर्धा, काहींना काहीच नाही. कोणाला काय मिळणार, हे योगायोगावर सोडलं होतं.

माफी मिळालेल्यांत नोंदणी वाढली, आणि आत आले ते तुलनेने धडधाकट लोक. आजारपणाची वाट बघत बसण्याचं कारणच उरलं नव्हतं. त्यामुळे जास्त माणसं विम्यात येऊनही सरकारवरचा बोजा वाढला नाही. वर्ष संपल्यावर बरेच गळाले, तरी काही कुटुंबं स्वतःच्या पैशाने टिकली.

असं सगळीकडे होत नाही. निकाराग्वात मानाग्वाच्या बाजारातल्या विक्रेत्यांना सहा महिन्यांची सवलत दिली होती. ती संपताच बहुतेकांनी विमा सोडला. उलट घानाच्या ‘वा वेस्ट’ नावाच्या जिल्ह्यात एकदाच दिलेल्या सवलतीचा परिणाम तीन वर्षांनीही दिसत होता.

इंडोनेशियाच्या प्रयोगातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग पैशाचा नाहीच. काही कुटुंबांना घरी जाऊन ऑनलाइन नोंदणीला मदत केली गेली. तरीही नोंदणीचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबांची नोंदणी पूर्ण होऊ शकली नाही. घरातल्या सगळ्यांची नावं एकदम नोंदवायची अट, त्यात सरकारी कुटुंबपत्रकातल्या चुका. विमा घ्यायला तयार असलेली माणसं अशी दारातूनच परत गेली.

इंडोनेशियाची ही विमा योजना तोट्यात होती. तो तोटा भरून काढायला सरकारने जानेवारी २०२० पासून हप्ते वाढवले. सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ रद्द केली, तेव्हा जुलैपासून नवी वाढ लागू झाली.