फोटोतलं पांढरं प्रवाळ: विरंजन झालेलं की मेलेलं?

मालवणच्या समुद्रातले फोटो सोलापुरात संगणकावर उघडून त्यांतलं प्रवाळ मोजायला बसलं, की पहिली गफलत पांढऱ्या रंगावर होते. विरंजन झालेलं, म्हणजे ब्लीच झालेलं प्रवाळ आणि नुकतंच मेलेलं प्रवाळ, दोन्ही शुभ्र दिसतात. पहिलं जिवंत असतं, पाणी वेळेत निवलं तर सावरू शकतं. दुसऱ्याचा नुसता सांगाडा उरलेला असतो.

प्रवाळाचा रंग बहुतांशी त्याच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. ४३ अंशांचा उन्हाळा काढणाऱ्या सोलापूरकराला नवल वाटेल, पण समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा जेमतेम १ अंशाने काही आठवडे जास्त तापलं, तरी ही सोबत तुटते. शैवाल बाहेर पडतं, पारदर्शक मांसातून चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. पांढरा रंग दोन्हीकडे सांगाड्याचाच. एकावर जिवंत कातडं आहे, दुसऱ्यावर नाही.

म्हणून रंग सोडून पृष्ठभाग पाहा. विरंजित प्रवाळात पॉलिपच्या, म्हणजे प्रवाळ घडवणाऱ्या चिमुकल्या जीवांच्या, वाट्या भरलेल्या, कडा मऊ, कधी त्यांच्या स्पर्शिका, म्हणजे तोंडाभोवतीचे बारीक तंतूही दिसतात. मेलेल्यात वाट्या रिकाम्या, कडा धारदार, पोत खडूसारखा. शिवाय मेलेल्याचा शुभ्रपणा टिकत नाही. काही दिवसांतच त्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ चढू लागतं. उशिरा काढलेल्या फोटोत तेच प्रवाळ निरोगी तपकिरी समजून मोजलं जातं, आणि ही चूक पहिलीपेक्षा वाईट. पोपटमाशाच्या दातांचे ओरखडे आणि रोगाचे पट्टेही पांढरेच असतात, पण त्यांची कड सहसा स्पष्ट असते.

आता कॅमेरा. काळपट खडकावर पांढरं प्रवाळ असलं, की कॅमेरा खडकाप्रमाणे उजेड ठरवतो आणि प्रवाळावरचा सगळा तपशील जळून जातो. याचा सराव गच्चीवर होतो: गडद सोलापुरी चादरीवर पांढरा टेरी नॅपकिन ठेवा आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, कॅमेऱ्यात उणे ०.३, उणे ०.७ असं उतरवत फोटो काढा. नॅपकिनचे लूप सुटे दिसू लागले, की प्रवाळाच्या वाट्याही दिसतील. फिकटपणा रंगावरून मोजायचा असेल, तर पाण्यात त्याच खोलीवर करडं कार्ड धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा समतोल, लावा. खोली बदलली की पुन्हा. गढूळ पाण्यात फ्लॅश लेन्सपासून बाजूला न्या, नाहीतर तरंगते कण पांढरे ठिपके होऊन बसतात.

मोजायचा भाग आखायला तळाशी ठेवायची चौकट ५० × ५० सेंमीची, पीव्हीसी पाइपची. पाइपला भोकं पाडा, म्हणजे आत पाणी भरून ती बुडेल. मात्र अख्ख्या चौकटीचा एक फोटो पुरत नाही. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत चौकटीची बाजू फार तर ३००० पिक्सेल, म्हणजे १ मिमीच्या वाटीला ६ पिक्सेल. त्यावरून जिवंत की मेलेलं हे कुणीही सांगू नये. प्रत्येक पांढऱ्या वसाहतीचा, म्हणजे एकत्र वाढलेल्या पॉलिपच्या गठ्ठ्याचा, १५-२० सेंमीवरून, शेजारी पट्टी धरून, दुसरा फोटो घ्याच. चौकट प्रवाळावर टेकवू नका.

तरीही उलगडा झाला नाही, तर ‘पांढरं, अनिश्चित’ असा मोजणीच्या नोंदीत वेगळा कोड द्या आणि तीच वसाहत दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा टिपा. मेलेली असेल तर तोवर तिच्यावर शेवाळ आलेलं असेल.