फिलाडेल्फिया शहरातील उच्च शिक्षण

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया या शहरात अठराव्या शतकाच्या मध्यापासून उभ्या राहिलेल्या महाविद्यालयांचा, वैद्यकशाळांचा आणि विद्यापीठांचा इतिहास. विल्यम पेन यांनी हे शहर १६८२ मध्ये वसवले. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत वस्ती होऊन काही वर्षे होतात न होतात तोच हार्वर्डची स्थापना झाली (१६३६). फिलाडेल्फियात मात्र पदवी देणारी संस्था निघायला सुमारे सत्तर वर्षे गेली. याचे कारण बहुधा धर्मात सापडते. त्या काळातील वसाहतींमधली महाविद्यालये मुख्यतः धर्मोपदेशक तयार करण्यासाठी निघत आणि फिलाडेल्फियातील वजनदार क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) समाजात पगारी धर्मोपदेशक हा वर्गच नव्हता. शाळांकडे या समाजाने दुर्लक्ष केले असे नाही. त्यांची व्याकरणशाळा १६८९ पासूनची आहे. पुढे क्वेकरांनी महाविद्यालये काढली तीही शहराबाहेर (हॅवरफर्ड १८३३, स्वार्थमोर १८६४, ब्रिन मॉर १८८५). त्यांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

स्थापनावर्षाचा वाद : पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ ही शहरातील सर्वांत जुनी उच्च शिक्षणसंस्था आहे, याबद्दल दुमत नाही. ती केव्हा सुरू झाली, याबद्दल आहे. १७४०, १७४९, १७५१ आणि १७५५ अशी चार वर्षे पुढे केली जातात आणि प्रत्येकाला काही ना काही कागदोपत्री आधार आहे.

इंग्लंडहून आलेले धर्मप्रचारक जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या प्रवचनांना इतकी गर्दी होई की चर्चमध्ये माणसे मावत नसत. शिवाय अनेक धर्मोपदेशकांनी आपली व्यासपीठे त्यांना बंद केली होती. तेव्हा १७४० मध्ये नागरिकांनी वर्गणी काढून चौथ्या रस्त्यावर, आर्च रस्त्याजवळ, एक मोठे सभागृह बांधायला घेतले. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी आत्मचरित्रात त्याची लांबी शंभर फूट आणि रुंदी सत्तर फूट दिली आहे. कोणत्याही पंथाच्या वक्त्याला ते खुले होते. कॉन्स्टँटिनोपलच्या मुफ्तीने इस्लामचा उपदेश करायला माणूस पाठवला तरी त्याला इथे व्यासपीठ मिळेल, असे फ्रँक्लिन लिहितात. याच इमारतीत गरीब मुलांसाठी धर्मादाय शाळा चालवावी, असेही विश्वस्तपत्रात नमूद होते. शाळा मात्र भरली नाही. पैसे संपले, इमारतीवर कर्ज चढले आणि ती अर्धवटच राहिली.

दुसरा धागा फ्रँक्लिन यांचा. १७४९ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियातील तरुणांच्या शिक्षणाविषयी एक पत्रक छापून वाटले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात २४ विश्वस्तांचे मंडळ स्थापन झाले आणि फ्रँक्लिन त्याचे अध्यक्ष झाले. या मंडळाला जागा हवी होती, तर सभागृहाच्या विश्वस्तांना कर्जातून सुटका हवी होती. फ्रँक्लिन दोन्हीकडचे विश्वस्त असल्याने सौदा जमला. १७५० मध्ये इमारत आणि तिच्याबरोबर धर्मादाय शाळेची जबाबदारी नव्या मंडळाकडे आली. जानेवारी १७५१ मध्ये या मंडळाच्या शाळेचे, म्हणजे अकादमीचे, वर्ग सुरू झाले आणि धर्मादाय शाळाही त्यानंतरच प्रत्यक्षात आली. १७५५ च्या सनदेने पदव्या देण्याचा अधिकार मिळून ‘कॉलेज ऑफ फिलाडेल्फिया’ अस्तित्वात आले. पहिला पदवीदान समारंभ १७५७ मध्ये झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विद्यापीठ स्वतःच १७४९ हे वर्ष मानत होते. १८९५ मध्ये अमेरिकेतील प्रमुख विद्यापीठांनी असे ठरवले की समारंभाच्या मिरवणुकीत पाहुण्या प्रतिनिधींचा क्रम त्यांच्या संस्थेच्या वयानुसार लावावा. या हिशोबाने पेनसिल्व्हेनियाचा प्रतिनिधी प्रिन्स्टनच्या (सनद १७४६) मागे चालणार होता. चार वर्षांनी, १८९९ मध्ये, विश्वस्त मंडळाने ठराव करून स्थापनावर्ष १७४० वर नेले. जुन्या विश्वस्तनिधीची जबाबदारी कायदेशीरपणे नव्या संस्थेकडे आली होती, त्यामुळे ठराव निराधार म्हणता येत नाही. परंतु १७४० मध्ये तिथे ना शिक्षक होता ना विद्यार्थी. या नोंदीत संस्थेच्या कल्पनेसाठी १७४९ आणि अध्यापनासाठी १७५१ ही वर्षे धरली आहेत. विद्यापीठाच्या बोधचिन्हांवर व अधिकृत कागदपत्रांवर वाचकाला १७४० दिसेल.

फ्रँक्लिन यांना हवे होते ते इंग्रजी माध्यमाचे, व्यापार व नागरी जीवनाला उपयोगी पडणारे शिक्षण. श्रीमंत विश्वस्तांचा ओढा लॅटिन-ग्रीककडे होता. लॅटिनच्या शिक्षकाला ‘रेक्टर’ ही पदवी आणि इंग्रजीच्या शिक्षकाच्या दुप्पट पगार मिळे. ही सल फ्रँक्लिन यांच्या मनात शेवटपर्यंत राहिली. १७८९ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी मूळ संस्थापकांचे हेतू डावलले गेल्याची तक्रार लिहून ठेवली आहे. पहिले प्रोव्होस्ट (संस्थेचे प्रमुख) विल्यम स्मिथ हे अभ्यासक्रमाचे खरे शिल्पकार असले तरी राजकारणात ते फ्रँक्लिन यांच्या विरुद्ध बाजूचे. १७५८ मध्ये प्रांतिक विधिमंडळाने बदनामीच्या आरोपावरून स्मिथना तुरुंगात टाकले, तेव्हा विद्यार्थी तुरुंगात जाऊन त्यांची व्याख्याने ऐकत.

स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात स्मिथ आणि बरेचसे विश्वस्त ब्रिटिशधार्जिणे असल्याचा संशय होता. १७७९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने जुनी सनद मोडून ‘युनिव्हर्सिटी ऑफ द स्टेट ऑफ पेनसिल्व्हेनिया’ अशी नवी संस्था उभी केली. १७८९ मध्ये जुन्या महाविद्यालयाला त्याचे हक्क परत मिळाले आणि दोन वर्षे शहरात दोन्ही संस्था शेजारी-शेजारी नांदल्या. १७९१ मध्ये त्या एकत्र होऊन आजचे नाव रूढ झाले. अमेरिकेतील ‘पहिले विद्यापीठ’ हा मान पेनसिल्व्हेनिया १७७९ च्या याच कायद्याच्या आधारे सांगते. विल्यम अँड मेरी आणि हार्वर्ड हेही तसाच दावा करतात. त्याचा निकाल ‘विद्यापीठ’ शब्दाची व्याख्या कशी करावी यावर अवलंबून आहे. १८०२ च्या सुमारास संस्था नवव्या रस्त्यावर आणि १८७२ मध्ये स्कूलकिल नदीपलीकडे पश्चिम फिलाडेल्फियात गेली.

वैद्यकीय शिक्षण : फिलाडेल्फियाचे नाव जगभर झाले ते वैद्यकशास्त्रामुळे. एडिंबरोहून पदवी घेऊन आलेले जॉन मॉर्गन यांच्या पुढाकाराने १७६५ मध्ये कॉलेज ऑफ फिलाडेल्फियात वैद्यकशाखा सुरू झाली. तेरा वसाहतींमधली ही पहिली वैद्यकशाळा होती. कल्पना मूळ कोणाची, यावर मॉर्गन आणि १७६२ पासून शहरात शरीररचनाशास्त्राची व्याख्याने देणारे विल्यम शिपेन (धाकटे) यांचे वैर जुंपले आणि ते युद्धकाळातील लष्करी वैद्यकसेवेपर्यंत चिघळत गेले. विद्यार्थ्यांना रोगी पाहायला मिळत ते १७५१ मध्ये स्थापन झालेल्या पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये. पहिल्या दहा पदव्या १७६८ मध्ये दिल्या गेल्या, त्या वैद्यकातील बॅचलरच्या होत्या. ‘एम.डी.’ ही पदवी वसाहतींत प्रथम न्यू यॉर्कच्या किंग्ज कॉलेजने १७७० मध्ये दिली.

एकोणिसाव्या शतकात शहरात वैद्यकशाळांचे पेवच फुटले. फिलाडेल्फिया कॉलेज ऑफ फार्मसी (१८२१) ही औषधनिर्माणशास्त्राची देशातील पहिली संस्था. जेफर्सन मेडिकल कॉलेज १८२४ मध्ये, तर हॅनेमान यांच्या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले होमिओपॅथीचे महाविद्यालय १८४८ मध्ये निघाले. जेफर्सनमधील शल्यविशारद सॅम्युएल ग्रॉस यांचे टॉमस एकिन्स यांनी १८७५ मध्ये काढलेले भव्य तैलचित्र कॉलेजने २००६ मध्ये विकायला काढले, तेव्हा शहराने ६ कोटी ८० लाख डॉलर उभे करून ते बाहेर जाऊ दिले नाही.

१८५० मध्ये स्थापन झालेले ‘फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ (१८६७ पासून ‘वुमन्स मेडिकल कॉलेज’) हे स्त्रियांसाठीचे जगातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय मानले जाते. बॉस्टनमधील स्त्रियांसाठीची अशीच संस्था १८४८ ची, म्हणजे दोन वर्षांनी जुनी. पण तिची सुरुवात सुइणींच्या वर्गापासून झाली. पूर्ण वैद्यकीय पदवीच्या दृष्टीने फिलाडेल्फियाचा दावा अधिक भक्कम दिसतो, कारण इथे आठ स्त्रिया १८५१ च्या अखेरीसच पदवीधर झाल्या. नोव्हेंबर १८६९ मध्ये अधिष्ठाता अ‍ॅन प्रेस्टन यांच्या प्रयत्नाने या विद्यार्थिनींना पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील शल्यचिकित्सेची प्रात्यक्षिके पाहण्याची परवानगी मिळाली. पहिल्याच दिवशी पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिचकाऱ्या टाकल्या आणि बाहेर पडल्यावर रस्त्यातही त्यांचा पाठलाग केला. या प्रकारामुळे शहरातील वृत्तपत्रांचे मत विद्यार्थिनींच्या बाजूने वळायला मदतच झाली.

मराठी वाचकाला हे महाविद्यालय माहीत असते ते आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांच्यामुळे. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघून त्या जूनमध्ये न्यू यॉर्कला पोहोचल्या. रोझेल (न्यू जर्सी) येथील थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ या विषयावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक पुढच्या वर्षी फिलाडेल्फियातच छापले गेले आणि त्याला बॉडली यांची प्रस्तावना आहे. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक झालेली असूनही आनंदीबाईंना ती प्रत्यक्ष सांभाळता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मराठीत पुष्कळ ठिकाणी आनंदीबाई ‘पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या’ पदवीधर असल्याचे छापलेले आढळते. ते बरोबर नाही. दोन्ही संस्थांच्या नावांत राज्याचे नाव असल्याने हा घोटाळा होतो. त्या वेळी त्या विद्यापीठाच्या वैद्यकशाखेत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. ऑक्टोबर १८८५ मध्ये काढलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनोतील केई ओकामी (जपान) आणि सीरियन पोशाखातील साबात इस्लांबुली अशा तिघी एकत्र दिसतात. चित्राखालच्या ओळीत तिघींच्या नावापुढे ‘डॉक्टर’ आहे, पण चित्र काढले तेव्हा तिघीही विद्यार्थिनीच होत्या. ओकामी १८८९ मध्ये आणि इस्लांबुली १८९० मध्ये पदवीधर झाल्या. याच महाविद्यालयातून १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर यांनी पदवी घेतली आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ रुग्णसेवा केली. आनंदीबाईंच्या मानाने त्यांच्याबद्दल मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे.

१९७० मध्ये या महाविद्यालयाने पुरुषांना प्रवेश देऊन ‘वुमन्स’ हा शब्द नावातून काढला. नव्वदीच्या दशकात ते हॅनेमानमध्ये विलीन झाले. दोन्ही चालवणारी आरोग्यसंस्था १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेल्यावर वैद्यकशाळेचा कारभार ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आला. तेव्हा आनंदीबाईंच्या महाविद्यालयाचा आजचा वारस शोधायचा, तर तो ड्रेक्सेल हा आहे.

कृष्णवर्णीयांचे शिक्षण : क्वेकर सोनार-चांदीकार रिचर्ड हम्फ्रीज यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या १०,००० डॉलरमधून १८३७ मध्ये स्थापन झालेली संस्था ‘इन्स्टिट्यूट फॉर कलर्ड यूथ’ या नावाने प्रसिद्ध झाली. दर्जाने ती माध्यमिक शाळा व शिक्षक-प्रशिक्षणाची संस्था होती. गुलामगिरीत जन्मलेल्या फॅनी जॅक्सन कॉपिन १८६९ पासून तीसहून अधिक वर्षे तिच्या प्राचार्य होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी ती शहराबाहेर चेनी येथे हलली. देशातील सर्वांत जुनी कृष्णवर्णीय उच्च शिक्षणसंस्था असल्याचा चेनीचा दावा १८३७ या वर्षावर उभा आहे. आरंभापासून पदवी देण्याच्या उद्देशाने निघालेली संस्था हा निकष लावल्यास लिंकन विद्यापीठ (१८५४) पुढे येते.

१८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने शहरातील कृष्णवर्णीयांच्या पाहणीसाठी कृष्णवर्णीय अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना नेमले. त्यांनी सातव्या वॉर्डात राहून, घरोघर फिरून सुमारे अडीच हजार कुटुंबांची माहिती गोळा केली. त्यातून १८९९ मध्ये झालेला ग्रंथ अमेरिकी समाजशास्त्राचा पायाभूत ग्रंथ ठरला. विद्यापीठाने मात्र त्यांना ‘समाजशास्त्रातील सहायक’ एवढेच पद दिले आणि शिकवायला वर्ग दिला नाही. याच विद्यापीठातून १९२१ मध्ये सेडी टॅनर मॉसेल (पुढे अलेक्झांडर) यांनी अर्थशास्त्रात पीएच.डी. मिळवली, ही पदवी अर्थशास्त्रात मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन होत.

इतर संस्था : ‘कॉलेज’ या शब्दावरून या शहरात फसगत होण्याचा संभव आहे. गिरार्ड कॉलेज ही अनाथ मुलांसाठी निघालेली निवासी शाळा आहे. उलट सेंट्रल हायस्कूल या सरकारी शाळेला १८४९ च्या कायद्याने चक्क पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आहे. कॅथलिक संस्थांपैकी जेझुइटांचे सेंट जोसेफ्स १८५१ चे आणि ला साल १८६३ चे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हार्टन ही १८८१ मध्ये निघालेली विद्यापीठीय दर्जाची पहिली व्यवसायशिक्षणशाळा मानली जाते.

कामगारवर्गाला उच्च शिक्षणाचे दार उघडले ते टेंपल विद्यापीठाने. बाप्टिस्ट धर्मोपदेशक रसेल कॉनवेल यांनी १८८४ मध्ये दिवसा काम करणाऱ्या तरुणांसाठी चर्चमध्ये रात्रीचे वर्ग सुरू केले. पहिल्या संध्याकाळी सात जण आले, असे सांगतात. १८८८ मध्ये सनद मिळाली आणि १९०७ मध्ये विद्यापीठाचा दर्जा. संपत्ती दूरदेशी न शोधता आपल्याच परसात शोधावी, या आशयाचे एकच व्याख्यान कॉनवेल यांनी सहा हजारांहून अधिक वेळा दिले आणि त्याच्या उत्पन्नातून शिक्षणाला पैसा पुरवला. टेंपलचे बोधचिन्ह घुबड आहे, ते त्या रात्रीच्या वर्गांवरून. बँकर अँथनी ड्रेक्सेल यांच्या देणगीतून १८९१ मध्ये निघालेल्या संस्थेने १९१९ पासून अभ्यास आणि प्रत्यक्ष नोकरी आलटून-पालटून करण्याची पद्धत सुरू केली. ती आजही ड्रेक्सेलची ओळख आहे.

विसावे शतक व नंतर : १९४६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये सुमारे १८,००० निर्वात नलिका असलेला ‘एनिअ‍ॅक’ हा इलेक्ट्रॉनिक संगणक जगापुढे आला. दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग याच विद्यापीठात डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी १९४८ च्या सुमारास उभा केला. ब्राउन यांच्याच पुढाकाराने निघालेल्या ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’चे भारतातील काम साठच्या दशकाच्या आरंभी पुण्यातून सुरू झाले.

त्याच दशकात विद्यापीठे, रुग्णालये आणि शहर यांनी मिळून पश्चिम फिलाडेल्फियातील ‘ब्लॅक बॉटम’ ही कृष्णवर्णीयांची वस्ती पुनर्विकासाच्या नावाखाली उठवली आणि तिथे संशोधन संकुल उभे केले. त्याविरुद्ध १९६९ मध्ये विद्यार्थ्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ठिय्या दिला. १९६५ मध्ये टेंपल राज्याच्या अनुदानव्यवस्थेत आले. त्याच सुमारास सुरू झालेले कम्युनिटी कॉलेज आधी एका बंद पडलेल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत भरत होते. पुढे ते सरकारच्या जुन्या टांकसाळीत गेले.

अलीकडे लहान संस्थांना स्वतंत्र राहणे जड जाऊ लागले आहे. १८२१ च्या फार्मसी कॉलेजची वारस संस्था २०२२ मध्ये सेंट जोसेफ्समध्ये विलीन झाली. १८७० च्या दशकापासूनची परंपरा सांगणारे कला विद्यापीठ ‘युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स’ जून २०२४ मध्ये आठवडाभराच्या सूचनेने बंद पडले.